असिस्टंट एडिटरचं काम शिकायचं कुठे? कोर्स करावा का?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर बऱ्यापैकी येतं आणि डोंबिवलीहून रोज अंधेरीला यायची तयारी आहे. फी भरून कोर्स करावा का, एवढंच ठरत नाहीये.

मी १२ वर्षं अंधेरीत एडिटिंग करतेय, त्यातली पहिली ४ असिस्टंट म्हणून. ३ वर्षं देता येत असतील तर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेची प्रवेश परीक्षा जरूर द्या. नुसतं सॉफ्टवेअर शिकायला मात्र पैसे घालू नका. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, तिची अधिकृत प्रशिक्षण पुस्तकं आणि सरावाचं फुटेज ते बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिक कंपनीच्या साइटवर फुकट आहे. फीचर फिल्मसाठी एव्हिड हे सॉफ्टवेअर लागेल, ते पुढे शिकता येतं.

सुरुवातीला तुमचा कट कोणी बघत नाही. विचारतात ते एवढंच: कालचा डेटा पूर्ण आला का, आणि साउंडला कधी जाणार?

माझ्या दुसऱ्याच कामावर मी कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड नुसतं ड्रॅग करून कॉपी केलं. सेटवर ते फॉरमॅट झालं आणि रात्री ३ क्लिप उघडेनात. सीन परत शूट झाला, पण त्या ज्येष्ठ नटाचा पहिला टेक गेला तो गेलाच. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. तेव्हापासून चेकसम (मूळ फाइल आणि कॉपी तंतोतंत सारखी आहे का हे पडताळणारा आकडा) जुळल्याशिवाय मी कार्ड परत देत नाही. रिझॉल्व्हमधलं क्लोन टूल हेच करतं. कॉपी किमान दोन वेगळ्या ड्राइव्हवर हवी.

घरी सराव असा करा. दोन मित्र घेऊन ५ मिनिटांचा सीन शूट करा, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या, टाळी द्या. टाळीवरून चित्र आणि आवाज सिंक करा, प्रॉक्सी (एडिटसाठी हलक्या कॉपी) काढा, सीन-शॉट-टेकप्रमाणे नावं द्या. फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) आधीच ठरवा: सिनेमाला २४, आपल्याकडच्या टीव्हीला २५. फुटेज आत घेतल्यावर रिझॉल्व्ह तो बदलू देत नाही.

कट लॉक, म्हणजे पक्का झाला की साउंडला द्यायचं सगळं बनवा: हँडल्ससकट (प्रत्येक तुकड्याच्या मागेपुढे थोडा जादा आवाज) एएएफ, म्हणजे साउंडच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी टाइमलाइनची फाइल, आणि टाइमकोड (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) छापलेला रेफरन्स व्हिडिओ. चित्र ०१:००:००:०० ला सुरू होत असेल तर ००:५९:५८:०० ला एका फ्रेमची बीप टाका. तिला टू-पॉप म्हणतात. ती जुळली की सिंक बरोबर आहे हे साउंडवाल्याला लगेच कळतं.

वर्सोव्याच्या आरामनगरात, जिथे प्रॉडक्शनची ऑफिसं आहेत, काम विचारायला जाल तेव्हा शोरीलसोबत (निवडक कामाचा छोटा व्हिडिओ) या सरावाचा फोल्डरही दाखवा. आणि रात्री उशीर झाला तर घरी जायची सोय काय, हे पहिल्याच दिवशी विचारा. संकोच करू नका, दादरला डोंबिवलीची शेवटची गाडी तुमची वाट बघत थांबत नाही.