'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' ही अमेरिकन भयकथांची मालिका ९०च्या दशकात टीव्हीवर इतकी रक्तबंबाळ कशी चालली? आणि नव्याने का आली नाही?

चालली, कारण ती एचबीओवर होती. वर्गणीची वाहिनी, त्यामुळे जाहिरातदार नाराज होण्याचा प्रश्नच नव्हता, आणि साध्या प्रक्षेपणाचे अश्लीलतेचे नियम केबलला लागू नव्हते. १० जून १९८९ला एकाच रात्री तीन भाग दाखवले. १९९६पर्यंत ७ सीझन, ९३ भाग झाले. पुढे फॉक्स या साध्या प्रक्षेपणाच्या वाहिनीवर आली ती कात्री लावूनच.

गोष्टी मूळच्या ईसी कॉमिक्स या प्रकाशनाच्या भयकथा मासिकांतल्या, १९५०च्या आसपासच्या. १९५४च्या कॉमिक्स कोडने, म्हणजे कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर घातलेल्या नियमावलीने, मासिकाच्या नावात 'हॉरर' शब्दालाच बंदी घातली आणि ती मासिकं संपली. मालिकेने नुसतं त्याच नावाचं 'क्रिप्ट' मासिक नाही, ईसीची इतर मासिकंही उपसली. साचा तोच: पापी माणूस, वाईट बेत, शेवटी बेत त्याच्यावरच उलटतो.

खरी जान क्रिप्टकीपरमध्ये, म्हणजे प्रत्येक गोष्ट सादर करणाऱ्या सूत्रधारात. केविन येगरने बनवलेला बाहुला, आवाज जॉन कॅसिरचा. सुकलेलं कातडं, विरळ केस, पण डोळे ओलसर नि जिवंत. तो हलवायला एका वेळी अनेक जण लागत. त्याच्या कोट्या मात्र भुतापेक्षा भयंकर!

सातवा सीझन ब्रिटनमध्ये चित्रित झाला. तो सर्वांत फिका. आधीचे सीझन पाहून मगच त्याच्याकडे वळा.

टीएनटी या अमेरिकन वाहिनीने २०१६मध्ये दिग्दर्शक एम. नाइट श्यामलनसोबत मालिकेचं पुनरागमन जाहीर केलं होतं. ते हक्कांच्या गुंत्यात अडकलं आणि २०१७मध्ये गुंडाळलं गेलं.