व्हाइट व्हिस्की म्हणजे नेमकं काय, वोडकाच ना ती?

तुम्ही विचारलंय की रंगच नाही तर तिला व्हिस्की का म्हणायचं, वोडकाच झाली ना. नाही, वोडका नाही, आणि फरक नुसता लेबलचा नाहीये, ग्लास नाकाशी नेलात की लगेच कळतं.

भट्टीतून उतरते तेव्हा प्रत्येक व्हिस्की पाण्यासारखीच दिसते. रंग, व्हॅनिला, कॅरॅमल हे सगळं नंतर ओकच्या पिंपातून येतं (आणि स्कॉचमध्ये वरून कॅरॅमल कलर घालायलाही परवानगी आहे, त्यामुळे रंगावर फार जाऊ नका). ती पिंपात न मुरवता थेट बाटलीत भरली की झाली व्हाइट व्हिस्की, अमेरिकेत डिस्टिलरीवाले व्हाइट डॉग म्हणतात, स्कॉटलंडमध्ये न्यू मेक. वोडकासाठी स्पिरिट (भट्टीतून उतरलेली दारू) ९५ टक्के अल्कोहोलच्या पुढे नेतात, तिथे मका होता का गहू होता काही पत्ता लागत नाही. व्हिस्की त्याच्या आत थांबवतात, बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) तर ८० टक्क्यांच्या वर न्यायचीच नाही असा नियम आहे, म्हणून धान्याची चव शिल्लक राहते. मक्याची असेल तर उकडलेल्या कणसासारखी गोडसर, राय या गव्हासारख्या धान्याची असेल तर मिरीसारखी झणझणीत, माल्टची (मोड आणलेल्या बार्लीची) असेल तर पेअर आणि बिस्किटाचा वास.

आता छोट्या डिस्टिलरी ही का विकतात? सरळ हिशोब आहे, पैसा. अमेरिकेत न्यूयॉर्कने २००७ मध्ये शेतमालापासून दारू काढणाऱ्या छोट्या डिस्टिलरींसाठी कायदा सोपा केला, टेनेसीने २००९ मध्ये आणखी बऱ्याच काउंटी (म्हणजे जिल्हे) डिस्टिलरींसाठी खुल्या केल्या, मग धडाधड नवीन लोक आले, भट्टी घेतली, कर्ज काढलं, आणि पिंपातला माल तयार व्हायला काही वर्षं. तोवर बिलं कोण भरणार? ही न मुरवलेली पांढरी. ब्रुकलिनची किंग्ज काउंटी डिस्टिलरी २०१० ची, तिथेही मक्याची मूनशाइन (न मुरवलेली दारू) आणि मुरवलेली बर्बन दोन्ही बनतात. अमेरिकेत कॉर्न व्हिस्कीला पिंप लागतच नाही, फक्त मका निदान ८० टक्के हवा. बाकीच्या व्हिस्कींना ओक लागतो पण किती वेळ ते लिहिलेलं नाही, म्हणून काही जण नावापुरती पिंपात घालून काढतात, गंमतच आहे. स्कॉटलंडमध्ये ३ वर्षं झाल्याशिवाय व्हिस्की हा शब्दच लावता येत नाही.

माझं मत विचाराल तर यातल्या बऱ्याच बाटल्या सो सो असतात. कारण पिंपासाठी काढलेलं स्पिरिट मुद्दाम जरा रांगडं ठेवतात, पुढे लाकूड त्याला सांभाळून घेतं, आणि तेच तसंच विकलं की घशाला लागतं. जो पांढरीच प्यायची म्हणून बनवतो तो धार कापताना जास्त कडक असतो, म्हणजे पहिली धार बाजूला, शेवटची बाजूला, फक्त मधली घ्यायची. कापणी चुकली तर लपवायला इथे लाकूड नसतं. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर सुरुवातीचा भाग आत राहिलाय, ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर शेवटचा.

पिताना आधी अल्कोहोलची टक्केवारी बघा, काही ६० च्या वर असतात, काहीही न मिसळता मारायला जाऊ नका. थोडं थोडं पाणी घालत जा, वास खुलतो. कॉकटेलमध्ये व्हाइट रम किंवा टकीला जिथे चालते तिथे ही चालते, लिंबू आणि साखरेबरोबर मस्त लागते.

आणि हो, मूनशाइन लिहिलेली प्रत्येक बरणी व्हिस्की नसते, अमेरिकन नियमांत मूनशाइनची अशी व्याख्याच नाही, त्यामुळे आत साखरेपासून काढलेलं किंवा नुसतं न्यूट्रल स्पिरिटही (वोडकासारखं बिनचवीचं) असू शकतं. पाठीमागचं लेबल वाचा. उलट पांढरी दिसली म्हणजे पिंपात गेलीच नाही असंही नाही, जिम बीमने २०१३ मध्ये जेकब्ज घोस्ट काढली होती ती वर्षभर मुरवून मग रंग गाळून काढलेली होती. पहिल्यांदा घेत असाल तर एकाच डिस्टिलरीची पांढरी आणि मुरलेली अशा दोन छोट्या बाटल्या घ्या आणि शेजारी ठेवून चाखा, लाकडाने काय केलंय ते लगेच कळेल.