‘घरची बोली’ नको, सवाल म्हणा

प्रश्न असा आला आहे: “जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात लिलाव करणारी पेढीच मधूनमधून बोली लावते. इंग्रजीत त्याला हाऊस बिडिंग म्हणतात. आमच्या सोलापूरच्या नाणेसंग्राहकांत त्यासाठी ‘घरची बोली’ असा शब्द रूढ होतोय. तो बरोबर आहे का? आणि असं करणं रास्त आहे का?”

शब्द बरोबर नाही, आणि तो रूढ होऊ देऊ नका. ‘हाऊस’ म्हणजे इथे घर नव्हे, पेढी. त्यातून सोलापुरात ‘घरची बोली’ म्हटलं की पूर्व भागातल्या विणकराची तेलुगू, कसब्यातल्या वाड्यातली कन्नड, कुणाची दखनी, हेच डोळ्यांपुढे येतं. माणूस आईशी ज्या भाषेत बोलतो ती घरची बोली. इतका जिव्हाळ्याचा शब्द भाव फुगवण्याच्या उद्योगाला कशाला द्यायचा? ‘डमी बोली’ हाही तसलाच, विचार न करता उचललेला.

‘लिलाव’ पोर्तुगीजांकडून आला हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. फक्त हिंदीतला ‘नीलाम’ निळीच्या व्यापारावरून आला असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जरा दक्षिणेकडे पाहावं. मल्याळममध्ये लेलम, तमिळमध्ये एलम, तेलुगूत वेलम. यात नीळ कुठे आहे? सगळे त्याच पोर्तुगीज शब्दाचे वंशज, हिंदीत पहिल्या ‘ल’चा ‘न’ झाला इतकंच. मराठवाडा-विदर्भातला हर्रास आणि कन्नडमधला हराजु यांचं घराणं वेगळं, अरबी-फारसी ‘हराज’चं. सोलापूरच्या बाजारात ही दोन्ही घराणी भेटतात.

मला बोलायचंय ते सवालाबद्दल. लिलावात पुकारलेल्या रकमेला आपल्याकडे सवाल म्हणतात. जत्रेत देवाच्या नारळाचा, साडीचा सवाल होतो. जैन मंदिरात अभिषेकाचा मान सवालाने ठरतो. लिलावाच्या जाहिरातींत सवाल बोलणं, सवाल मंजूर करणं हे शब्दप्रयोग असतात. पण परिभाषा ठरवणाऱ्यांनी ‘बिड’साठी ‘बोली’ पसंत केली आणि सवाल मागे पडला. ही निवड मला साफ नामंजूर आहे. ‘बोली’तून कुणीतरी काहीतरी बोललं एवढंच कळतं. कुणाला आणि कशासाठी, याचा पत्ता नाही.

सवाल अरबी आहे, आणि त्याच्या मूळ धातूला दोन अर्थ आहेत: विचारणं आणि मागणं. उर्दूतला ‘सवाली’ म्हणजे दारात उभा राहिलेला याचक. ‘मसला’ हाही त्याच धातूचा. म्हणजे सवाल टाकणारा एकाच दमात विचारतोही आणि मागतोही: “एवढ्याला देता का?” इंग्रजी ‘बिड’मध्येसुद्धा जुनी दोन क्रियापदं मिसळली आहेत, एक देऊ करण्याचं आणि दुसरं विनवण्याचं. पुकारणारा “एक वार, दोन वार” म्हणतो तो उत्तराआधीचा अवकाश, आणि “तीन वार” हे उत्तर. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ नेमकं हेच सांगतं: हातोडा पडला की विक्री पुरी होते आणि तोवर कुणालाही आपली बोली मागे घेता येते. विचारलेलं मागे घेता येतं, दिलेलं उत्तर नाही. सवाल या एका शब्दात हे सगळं कलम बसलेलं आहे, म्हणून तो मला इतका प्रिय आहे.

‘पण तो परका शब्द’ हा आक्षेप हमखास येतो. परका शब्द नको म्हणणाऱ्यांनी आधी किंमत, रक्कम आणि बाजार हे शब्द न वापरता एक लिलाव करून दाखवावा. लिलाव हा शब्दही वर्ज्य, हे लक्षात ठेवून.

आता हाऊस बिडिंगकडे सवालाच्या अंगाने पाहा. विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच बाजूचा झाला. सवाल-जवाबाच्या फडात दोन्ही बाजूंना एकाच शाहिराची माणसं बसवावीत, तसं. कायदाही इथे कडक आहे. विकणाऱ्याला बोली लावायची असेल तर तो हक्क आधी उघडपणे राखून ठेवावा लागतो, आणि तसा राखला तरच तो स्वतः किंवा त्याच्या वतीने कुणीही एकच माणूस बोली लावू शकतो. एकच, चार मेहुणे नाहीत. न सांगता केलं तर खरेदीदार ती विक्री कपटाची मानू शकतो. भाव चढवण्यासाठी खोट्या बोली वापरल्या तर विक्री रद्द ठरवणं खरेदीदाराच्या मर्जीवर.

राखीव किंमत ही गोष्ट वेगळी. “अमुक रकमेखाली देणार नाही” असं सांगून बसणं यात लबाडी नाही. पण राखीव किंमत आणि पेढीचा सवाल हे एकच असल्यासारखं जे बोललं जातं, तिथे माझा संताप होतो. राखीव किंमत हा तळ आहे. पेढीचा सवाल तळापासून वर कुठेही चढतो.

समजा एका शिवराईवर तुम्ही संगणकात कमाल बोली ५,००० रुपये नोंदवून ठेवली, म्हणजे तिथवर संगणकच तुमच्या वतीने गरजेपुरती, टप्प्याटप्प्याने बोली वाढवणार. दुसरा खरा गिऱ्हाईक १,८०० ला थांबला. टप्पा २०० चा, म्हणजे नाणं २,००० ला तुमचं व्हायला हवं. पण ज्या पेढीला तुमचे ५,००० दिसतात तिनेच बोली लावत ४,८०० पर्यंत नेलं, तर तुम्ही ५,००० मोजता. वरचे ३,००० कोणत्याही दुसऱ्या गिऱ्हाइकाने मागितलेले नसतात. पेढी खरोखर स्वतःच्या साठ्यासाठी घेत असेल तरी हा आक्षेप उरतोच, कारण तिच्या हातात तुमचं पान आहे आणि तुमच्या हातात तिचं नाही. म्हणूनच ‘खोटी बोली’ हा शब्दही मला अपुरा वाटतो. इथे बोली खरी असूनही व्यवहार वाकडा असू शकतो.

बाजार समित्यांच्या आवारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत बंद करून उघड लिलाव आणला, तो सवाल सगळ्यांच्या कानावर पडावा म्हणूनच. कांद्याच्या ढिगापुढे शेतकऱ्याला निदान दिसतं की भाव कुणी वाढवला. संगणकातल्या लिलावात तेवढंही दिसत नाही, नुसता एक क्रमांक दिसतो.

तेव्हा माझे शब्द घ्या. आधी जाहीर केलेला, विकणाऱ्याच्या वतीने एकाच माणसाने टाकलेला तो ‘मालकाचा सवाल’. पेढी स्वतःसाठी लावते तो ‘पेढीचा सवाल’. तोही जाहीर हवा, आणि तो टाकणाऱ्याला इतरांच्या कमाल बोली दिसता कामा नयेत. न सांगता, माणूस पेरून टाकलेला तो ‘पोसलेला सवाल’. परदेशातल्या काही पेढ्या ‘आम्हीही बोली लावू’ असं अटींमध्येच लिहून टाकतात. ते बारीक अक्षरात असतं, पण असतं. तुमच्या पेढीच्या अटींत ते शोधा, नसेल तर लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत कमाल बोली नोंदवू नका. दर टप्प्याला स्वतः सवाल टाका.