सिस्टरची ड्यूटी आणि शाळेची वेळ

परदेशी निघालेल्या नर्सेस सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो: नवऱ्याला, मुलांना बरोबर न्यावं की मागे ठेवावं? मिरजेच्या बाजूची एक सिस्टर मिस्टरांना घेऊन आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयाचं ऑफर लेटर हातात, ओईटी (इंग्रजीची) आणि सीबीटी (नर्सिंगची, संगणकावरची) या दोन्ही परीक्षा झालेल्या. मुलगी चौथीत, मराठी शाळेत. मिस्टर एमआयडीसीत क्वालिटीला, घराचा हप्ता चालू. शिवाय सासूबाई.

सिस्टरला मुलीला घेऊनच जायचं होतं. मिस्टरांचं म्हणणं, "तू दोन वर्षं जाऊन ये, मग बघू." आणि वर, "तसंही आता फॅमिली नेता येत नाही म्हणे."

हे शेवटचं आधी निस्तरलं. मार्च २०२४ पासून फॅमिली नेण्यावर बंदी आली ती केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणारे, यांच्यावर. रजिस्टर्ड नर्सला नवरा आणि मुलं नेता येतात, नवऱ्याला तिथे नोकरी करता येते, मुलांना सरकारी शाळेत फी पडत नाही. व्हॉट्सॲपवर या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आणि कितीतरी घरांत तेवढ्यावरून निर्णय झाले, याचं मला फार वाईट वाटतं.

मग मी दोघांना कागदावर एक आठवडा मांडायला लावला. तिकडे बऱ्याच वॉर्डांत बारा-साडेबारा तासांची ड्यूटी असते. सकाळी साडेसातच्या सुमारास हजर व्हायचं, सुटेपर्यंत रात्रीचे आठ. आठवड्याला तीन-चार ड्यूट्या, त्यात नाइट आणि शनिवार-रविवारही. शाळा साधारण पावणेनऊला भरते, सव्वातीनला सुटते. इथे मुलगी शाळेतून आली की शेजारच्या काकूंकडे जेवते. तिथे काकू नाहीत. सिस्टरने लाँग डेचे, म्हणजे या लांब ड्यूटीच्या दिवसांचे, रकाने भरले आणि पेन थांबलं. मुलीला आणायला कोण जाणार?

मिस्टर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी घरी बसायचं. गावाकडे लोक विचारतील, तिकडे काय करतोस? काय सांगू?"

खरी अडचण ही होती. व्हिसा, पगार, हप्ता ही सगळी कारणं ती झाकायला पुढे केलेली. अठरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला बायकोच्या ड्यूटीप्रमाणे स्वतःचा दिवस बेतायला सांगणं सोपं नसतं आणि ते त्याला विमानात बसल्यावर कळू नये. माझं मत ठाम आहे: नवरा मनापासून तयार नसेल तर कुटुंब नेण्याची घाई करू नये. पण 'दोन वर्षांनी बघू' हेही नको. त्या 'बघू'ला तारीख नसते आणि आईवाचून मुलाची वर्षं निघून जातात.

मुलीशी मी वेगळी बोलले. तिची भीती मोठ्यांपैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती: "बाई इंग्रजीत रागावल्या तर मला कळणारच नाही."

ठरलं ते असं. सिस्टरने एकटीने पुढे जायचं, कारण रुजू झाल्यापासून १२ आठवड्यांच्या आत ऑस्की या नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसावं लागतं, नापास झालं तर एका अर्जावर एकूण तीनच संधी, आणि त्या दिवसांत घर, शाळा, स्वयंपाक सगळं अंगावर घेणं म्हणजे परीक्षेशी खेळ. पास झाल्यावर भाड्याचं घर बघायचं. बापलेकींनी सप्टेंबरला, शाळेचं वर्ष सुरू होताना पोहोचायचं. मिस्टरांनी राजीनामा व्हिसा हातात आल्यावरच द्यायचा. मधल्या काळात मुलीला रोज अर्धा तास इंग्रजी बोलायला नणंदबाई बसवणार. सासूबाईही त्यांच्याकडेच, पण हे सासूबाईंना आधी विचारून, परस्पर नव्हे.

ऑस्की दुसऱ्या खेपेला निघाली, तरी सप्टेंबर गाठला. मिस्टर आता सिस्टरला सुट्टी असेल त्या दिवशी गोदामात कामाला जातात. ते काम त्यांना आवडत नाही, हे ते फोनवर स्पष्ट सांगतात. क्वालिटीतलंच काही मिळतंय का, याची खटपट चालू आहे. मुलगी रुळली, सासूबाई मात्र नणंदबाईंकडे अजून रुळल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांच्याशी बोलायचं ठरलं आहे.