उंदराला माणसाचा रोग हुबेहूब होत नसेल, तर त्याच्यावर प्रयोग करून काय कळतं? हे काम कॉम्प्युटरवर का करत नाहीत?

हुबेहूब होत नाही हे खरंच आहे, पण बऱ्याचदा तशी गरजही नसते. मी कुष्ठरोगाच्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून तिथलंच सांगतो.

हॅन्सन या डॉक्टरने नॉर्वेत 1873 साली कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. तो आजही काचेच्या बशीत वाढत नाही. तेव्हा तर प्राण्यांतही वाढेना. शेवटी 1879 मध्ये हॅन्सनने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. खटला झाला आणि त्याची इस्पितळातली नोकरी गेली. प्राणी नसले की पाळी कोणावर येते, ते यातून दिसतं.

कोंडी फुटली 1960 मध्ये. अमेरिकेत शेपर्ड या संशोधकांनी हे जंतू उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात टोचले. तळवाच का, तर या जंतूला गारवा मानवतो. माणसातही तो कानाची पाळी, नाक, कातडीजवळच्या नसा अशाच जागा धरतो. रुग्णाच्या कातडीचा तुकडा घोटायचा, जंतू मोजायचे आणि पाच-दहा हजार जंतू 0.03 मिलीलीटर द्रवातून बारीक सुईने तळव्यात सोडायचे. मग सहा-आठ महिने वाट बघायची, कारण हा आळशी जंतू दुप्पट व्हायलाच बारा-चौदा दिवस घेतो. शेवटी तळव्यातल्या मांसाची स्लाइड रंगवली की निळ्यावर लालसर काड्या दिसतात. त्या मोजता मोजता मान मोडून येते. उंदीर मात्र तोवर ठणठणीत असतो, साधा लंगडतही नाही.

पण आमचा प्रश्न एवढाच असायचा: खाद्यात औषध मिसळलं, तरी काड्या वाढल्या का? वाढल्या, तर त्या रुग्णाचा जंतू औषधाला दाद देत नाही. डॅप्सोन या कुष्ठरोगावरच्या औषधाला जंतू निर्ढावल्याचं 1964 मध्ये मलेशियातल्या रुग्णांच्या बाबतीत असंच सिद्ध झालं. आपल्या आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी एमडीटीची पाकिटं, म्हणजे एकाऐवजी अनेक औषधं एकदम, यामागे तो धडा आहे.

नसा कशा मरतात, बोटं बधिर का होतात, हे विचाराल तर साधा उंदीर कुचकामी. तिथे आर्माडिलो लागतो. अंगावर खवल्यांचं चिलखत असलेला हा अमेरिकेतला प्राणी मुळातच थंड अंगाचा. 1971 मध्ये त्याला हा रोग लागल्याचं दिसलं. त्याच्या यकृतात, प्लीहेत अब्जावारी जंतू मिळतात आणि नसाही माणसासारख्याच खराब होतात. पिंजऱ्यात तो सहसा वीत नाही, ही एक डोकेदुखी.

आता कॉम्प्युटर. त्यात घालायला आधी माहिती हवी ना! या जंतूचा पूर्ण जनुकीय आराखडा 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. तो जंतू होता तमिळनाडूतल्या रुग्णाचा, पण वाढवलेला आर्माडिलोत. त्यात चालू जनुकं साधारण 1600 आणि निकामी झालेली 1100 निघाली. बशीत तो का जगत नाही, याचा अंदाज तेव्हा कुठे आला.