‘इंट’ म्हणजे पूर्णांक का?

प्रश्न असा आहे: अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या सी भाषेच्या जुन्या मराठी पुस्तकात ‘इंट’ या संख्या ठेवायच्या प्रकाराबद्दल ‘इंट म्हणजे पूर्णांक, आकार दोन बाइट’ असं छापलंय, कॉलेजच्या संगणकावर मात्र आकार सांगणारा साइझऑफ चार दाखवतो. मग चुकलं कोण, शब्द की पुस्तक?

पुस्तक त्याच्या काळापुरतं बरोबर आहे. ते टर्बो सी हा जुना कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं साधन) समोर ठेवून लिहिलेलं असणार, आणि तिथे इंट 16 बिटांचाच, म्हणजे दोन बाइटांचा. सी भाषेचं मानक इंटला किमान 16 बिट हवेत एवढंच सांगतं. पुढचं कंपायलर आणि यंत्र ठरवतात. आजचे बहुतेक कंपायलर 32 बिट, म्हणजे चार बाइट देतात.

माझी तक्रार शब्दाबद्दल आहे. गणितातल्या पूर्णांकांना अंत नाही. टर्बो सीमधला इंट 32767 ला संपतो. तिथे 200 गुणिले 300 करून इंटमध्ये ठेवा, उत्तर उणे 5536 येईल! पूर्णांकांचा गुणाकार असा कधी चुकतो का? शिवाय मराठीत आपण 3.5 सुद्धा ‘तीन पूर्णांक पाच दशांश’ असं वाचतो, म्हणजे शाळेतून आलेल्या मुलाच्या कानाला हा शब्द अपूर्णांकातही सवयीचा. त्यामुळे संख्येला पूर्णांक म्हणावं, प्रकाराला इंटच म्हणावं, आणि जमेल तिथे ‘32 बिटांचा इंट’ असं माप जोडावं.

माप जोडण्याचा आग्रह नुसत्या शुद्धतेसाठी नाही. खरी फसगत ‘लाँग’ या इंटच्या थोरल्या भावात आहे. 64 बिटांच्या लिनक्सवर तो 8 बाइटांचा, 64 बिटांच्या विंडोजवर 4 बाइटांचा. लिनक्सवर लाँगची मूल्यं जशीच्या तशी बायनरी फाइलमध्ये लिहिली आणि तोच प्रोग्रॅम विंडोजवर कंपाइल करून ती वाचायला घेतली, तर पहिल्या आकड्यानंतर सगळं घसरतं. कंपायलर चकार शब्द काढत नाही. म्हणून 1999 च्या मानकात नावातच माप असलेले प्रकार आले: इंट32_टी, इंट64_टी. फाइल किंवा नेटवर्कवरून जाणाऱ्या आकड्यांसाठी हेच वापरा. घरगुती लूप मोजायला साधा इंट पुरतो.

जावाच्या मराठी पुस्तकात मात्र ‘इंट चार बाइटांचा’ असं बिनधास्त छापावं. तिथे तो कुठल्याही यंत्रावर 32 बिटांचाच असतो.