धडधड बघायला गेलं की वाढते

इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचं, म्हणजे शरीरातल्या संवेदना शांतपणे बघण्याच्या ध्यानाचं, दहा दिवसांचं शिबिर करून आलेले एक गृहस्थ. "मॅडम, तिथे सगळं ठीक होतं. घरी बसलो की छातीत धडधडतं. शांतपणे बघायला जावं तर आणखी वाढतं. माझं काही चुकतंय का?" हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात.

आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. छातीची तक्रार ध्यानाच्या नावावर खपवणं मला पटत नाही. ईसीजी, थायरॉइड नॉर्मल आल्यावर मग विचारलं, "बघता म्हणजे नेमकं काय करता?" खोदून विचारल्यावर कळलं: एक बोट मनगटाच्या नाडीवर आणि मनात सारखं, 'धडधड थांबली का? अजून नाही?' हा तर पहारा झाला! भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढतं, त्याने ठोके वाढतात आणि ठोक्यांनी पुन्हा भीती.

संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथातल्या सल्ल सुत्तात बुद्धांनी दोन बाणांचा दाखला दिलाय. पहिला शरीराच्या दुःखाचा, तो कुणालाच चुकत नाही. त्यावर मन तळमळतं, तो दुसरा. यांचा दुसरा बाण म्हणजे ते 'थांबली का?'

तासभर बसणं तूर्त बंद केलं. दहाच मिनिटं, हवं तर डोळे किलकिले ठेवून. सुरुवात आनापानाने, नाकाखाली जाणवणाऱ्या श्वासाच्या स्पर्शाने. धडधड आली तर एवढंच पाहायचं: कुठे आहे, केवढ्या जागेत, ठोका आहे की दाब. मग लक्ष तळहातांवर, तळपायांवर. फारच झालं तर सरळ उठायचं.

"पण अधिष्ठान मोडेल ना?" त्यांनी विचारलं. शिबिरात तासभर न हलता बसायचा निश्चय करतात, ते अधिष्ठान. घरी अधिष्ठान कुणी सांगितलंय तुम्हाला, मी म्हटलं. ज्यांना आधी पॅनिकचे झटके येऊन गेलेत त्यांनी तर असा हट्ट करूच नये. शिबिराच्या अर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारतात, तिथेही लोक लपवतात, याचा मला राग येतो. गोळ्या चालू असतील तर ध्यानाच्या भरवशावर त्या परस्पर बंद करणं त्याहून वाईट.

काही आठवड्यांनी आले. धडधड अधूनमधून होतेच, पण नाडी धरणं सुटलं होतं. नवी तक्रार मात्र तयार: "शिबिरात अंगभर छान लहरी यायच्या, त्या आता येत नाहीत हो."

"यायलाच हव्यात का?" मी विचारलं. ते हसले. त्या दिवशीचा उरलेला वेळ त्या लहरींवरच गेला.